विद्याधर सर मेले

१

होडी सापडली रविवारी सकाळी सातला, देवनहळ्ळीच्या पलीकडे, चिक्कबेट्टच्या तळ्यात. पिवळीजर्द होडी, पालथी, अर्धी पाण्याखाली. तिच्यातल्या घट्ट झाकणाच्या डबीत विद्याधर साठ्यांचा फोन होता. विद्याधर कुठेच नव्हते.

मला हे कळलं सोमवारी नऊ वाजता, त्यांच्या बायकोकडून. मी सकवारबाई. के. आर. पुरमच्या बाजारात माझं ताडपत्र्या, गाड्यांची कव्हरं आणि पट्टे शिवायचं दुकान आहे. आमच्या चार पिढ्या बेंगळुरातच गेल्या. पुण्याचे लोक आमचं मराठी ऐकून हसतात, हसू देत. कव्हरं शिवायला माझ्याकडेच येतात.

विद्याधर सहा महिन्यांपूर्वी आले तेव्हा त्यांच्या निळ्या गाडीच्या टपावर हे धूड बांधलेलं होतं. मी म्हटलं, "अय्यो, हा भोपळा कुठून आणलात?" तर म्हणे, ही कयाक, एकट्या माणसाने मासे धरायची होडी. मग तीन रविवार माझ्या डोक्यावर बसून तिचा साज करून घेतला. पाणी न धरणारी गादी, गळ उभे ठेवायच्या पिशव्या, गाडीवर बांधायचे दोन लांब पट्टे. शिवाय गादीच्या मागे एक लाल खिसा.

"या खिशात बूच राहील, अक्का. होडीच्या टोकाला एक भोक असतं. घरी ठेवताना बूच काढायचं, आतली ओल सुकते. पाण्यात उतरवायच्या आधी पहिलं काम, बूच लावायचं. विसरलं तर होडी आतून भरत जाते आणि बसलेल्याला पत्ताच लागत नाही."

पट्ट्यांचंही तसंच. सपाट पट्टा टपावर ताणला की वाऱ्यात घुमतो. त्याला मध्ये एक पीळ दिला की गप्प. पीळ कुठे द्यायचा तिथे मी लाल दोऱ्याची खूण शिवून दिली. पुन्हा कधी पट्टा वाजला नाही, असं ते स्वतः सांगून गेले होते. असा शिस्तीचा माणूस. आणि शिस्तीची माणसं बुडतात का हो?

विद्याधरांची बायको सुचेता दुकानाच्या दारात उभी होती. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात भलतीच. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती शुक्रवारी पुण्याला गेली होती आणि रविवारी दुपारी धावत परत आली.

"काकू, हा पट्टा तुमचाच ना? मला तळ्याकाठच्या गवतात मिळाला."

"माझाच. माझी शिवण मला कळते."

"आणि हे वाचा." तिने फोन पुढे केला. त्यांच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या रजिस्टराचा फोटो होता. देवनागरीत, लहान मुलासारखं गोल गोल अक्षर. सुचेताने ते मोठ्याने वाचलं आणि तिचा आवाज फुटला.

"शनिवार, साडेपाच. ४०३ विद्याधर सर मेले."

माझ्या हातातला पट्टा खाली पडला.

"होडी रविवारी सापडली, काकू. हे शनिवारी लिहिलंय."

२

मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि तिच्याबरोबर रिक्षात बसले. तिला एकटीला सोडवेना, खोटं कशाला बोलू.

रिक्षात तिने सगळं सांगितलं. रजिस्टर लिहिणारा वॉचमन पवनकुमार शनिवारी संध्याकाळी सहाला गावच्या जत्रेला म्हणून निघाला, त्याचा फोन बंद. बदलीचा माणूस आलाच नाही. विद्याधरांची निळी गाडी तळघरात जागेवरच. पवनकुमारच्या भावाचा छोटा टेम्पो आहे. पोलिसांनी हिशेब मांडला की त्याच टेम्पोतून होडी नेली आणि तिथे काहीतरी घडलं. आता पोलीस त्याला शोधतायत आणि पाणबुडे तळ्यात विद्याधरांना.

"तो वाईट नव्हता हो," सुचेता म्हणाली. "वेंधळा होता. शाळेत शिकलेल्या हिंदीवर रजिस्टर लिहायचा, आमच्यासारख्यांना वाचता यावं म्हणून. रोज 'दूधवाला बंद' लिहायचा आणि दूधवाला तर रोज येऊन गेलेला असायचा."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या सोडून दिल्याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या घालते.

तळघरात होडीच्या लाकडी घोड्या रिकाम्या होत्या. भिंतीवर विद्याधरांच्या हातचा कागद, 'उन्हात ठेवू नये, पालथी ठेवावी, बूच काढावे'. त्यावर लाल शाईत दुसरा कागद चिकटवलेला. 'सोमवारपर्यंत ही वस्तू येथून हलवावी. आदेशावरून, सेक्रेटरी.' शेजारच्या खुंटीला त्यांचं लाइफ जॅकेट होतं. मी त्याला हात लावला, ते कोरडं होतं.

"जॅकेट न घालता ते कधी पाण्यात उतरलेत?"

"कधीच नाही. म्हणूनच पोलीस विचारत होते, घरात काही ताण होता का म्हणून." ती भिंतीला टेकली. "काकू, त्याने मुद्दाम केलं असेल का?"

"गप. असलं तोंडातून काढायचं नाही."

वर चौथ्या मजल्यावर गेलो. समोरचं बिऱ्हाड सकाळीच बॅगा भरून निघून गेलं होतं. शेजारी नवी बिल्डिंग उठतेय, तिथलं ड्रिल दात कोरल्यासारखं चाललेलं. सुचेताने दार लावलं, मला बाथरूमपाशी नेलं आणि म्हणाली, "कामगार चहाला थांबले की ऐका. कालपासून येतंय. मला वेड लागलं असेल तर तसं सांगा."

ड्रिल थांबलं. आणि नळातून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

लांबून, पाण्यातून आल्यासारखा. नळ बंद होता. तोटीला एक थेंब लोंबत होता आणि प्रत्येक ठोक्याला तो थरथरत होता.

सुचेता नळापाशी गुडघ्यावर बसली. "तो पाण्यातून हाका मारतोय, काकू," ती म्हणाली.

३

रामराम म्हणतच मी जिना उतरले आणि दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीची बेल वाजवली.

मुकुंदराव आमच्यातलेच, जुन्या बेंगळुरातले. कापडाची पेढी मुलांना देऊन आता बिल्डिंगवर राज्य करतात. कमरेला चाव्यांचा जुडगा, कपाळाला ताजा अंगारा. त्यांच्या बायकोने, भाग्यलक्ष्मीने, मला पाणी दिलं. ती मूळची तुमकूरकडची, घरात कन्नडच बोलते.

"नळाचा आवाज तुम्ही ऐकलात?" मी सरळ विचारलं.

"स्वल्प हळू बोला." त्यांनी दार ओढून घेतलं. "अख्ख्या वरच्या मजल्याने ऐकलाय. बुडालेला माणूस पाण्याच्या वाटेने घरी येतो, आमच्या आजीने सांगितलं होतं. त्याची क्रिया झाल्याशिवाय आवाज थांबायचा नाही. त्या मुलीला सांगा, आजच करून टाका म्हणावं."

"प्रेत मिळायच्या आधीच? वा, फार घाई तुम्हाला."

"मला कसली घाई?"

"तळघरातला कागद तुमचाच ना?"

त्यांचा चेहरा पडला. "होडी नको होती मला. तो नको होता असं कुठे म्हटलं? शनिवारी चार वाजता भांडण झालं, हो. मी म्हटलं, हिला कुठेही टांगा, खाली नको. तो म्हणाला, टांगतो. तेवढंच." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "सकवारबाई, रजिस्टरातली ती ओळ मलाही माहीत आहे. काल त्या मुलीने रडत रडत वाचून दाखवलं तेव्हा कळलं. शनिवारी बघितलंच नव्हतं. रोज कोण बघतं? साडेपाचलाच त्या पवनला कसं कळलं की हा मरणार?"

"शनिवारी साडेपाचनंतर तुम्ही काय करत होता?"

"रोज करतो तेच. सहाला गच्चीला कुलूप लावलं, घरी येऊन दिवा लावला. कालपासून तर गच्चीच्या दाराला लिंबू बांधलंय. कुणी वर फिरकायचं नाही, मी सांगून टाकलंय."

माणूस घाबरलेला होता, पण खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा एवढं भरभरून सांगत नाही.

मी वर परत आले. सुचेता तिथेच बसली होती, कान नळाला लावून.

"काकू," ती म्हणाली, "आता दोनच येतात. आधी तीन यायचे."

४

तेवढ्यात बेल वाजली. डबा घेऊन ध्रुव आला, विद्याधरांच्या ऑफिसमधला, नागपूरचा. महादेवपुऱ्यात एकाच टेबलाला बसतात दोघे. रविवारी पहाटे पाचला त्या दोघांचं तळ्यावर जायचं ठरलं होतं, पण विद्याधरांनी फोन उचलला नाही म्हणून हा परत झोपला, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. मिस्ड कॉल होतेच, पोलिसांना पटलं.

"वहिनी, दोन घास खाऊन घ्या ना. मी काही हेल्प करू का?" पोरगा चांगला वाटला. डोळे सुजलेले होते.

मी पट्टा मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत होते. माझी ती सवयच आहे, कापडाला हात लावल्याशिवाय मला विचार करता येत नाही. लाल खुणेपाशी पट्टा सपाट होता. पीळ दिला की तिथे कायमची घडी पडते, ती जुनी घडी होती, पण तिच्यावरून कशाने तरी घासून कापड पिंजलं होतं. आणि अख्ख्या लांबीभर पांढरी भुकटी चिकटली होती, रंगाची.

"काकू, तो पट्टा ठेवा ना बाजूला," ध्रुव म्हणाला. "त्याचा आवाज अजून कानातून जात नाही माझ्या. बाई रडल्यासारखा घुमतो वाऱ्यात."

मी मान वर केली. "कधी ऐकलास?"

"विद्याधरबरोबर जायचो तेव्हा. नेहमीच."

"अरे, विद्याधरांच्या गाडीवर हा पट्टा सहा महिन्यांत कधी वाजला नाही. ते पीळ द्यायचे. पीळ न देता ज्याने बांधला, त्यालाच हा रडताना ऐकू आला." मी भुकटी लागलेलं बोट त्याच्यापुढे धरलं. "त्यांची गाडी निळी आहे. तुझी कोणत्या रंगाची?"

सुचेता उभी राहिली. "ध्रुवची गाडी पांढरी आहे," ती म्हणाली.

"पोलिसांनी होडीचा फोटो दिलाय ना तुला? दाखव." तिने दाखवला. मी बोटांनी मोठा केला. लाल खिसा फुगलेला होता. "हे बघ, बूच खिशातच आहे. होडी पाण्यात गेली आणि बूच खिशात! विद्याधर असते तर झोपेतसुद्धा ते लावलं असतं. ही होडी भलत्याच माणसाने उतरवली."

ध्रुव मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

"मी पाचला आलो. बेल वाजवली, फोन केला, तो उठेना. गेटवर कुणीच नव्हतं. मला वाटलं, झोपू दे, आपण एकटे जाऊन येऊ. बांधली आणि गेलो. मधोमध गेल्यावर होडी जड झाली आणि उलटलीच. मी पोहत काठाला आलो, पट्टासुद्धा न उचलता घाबरून पळालो. दुपारी कळलं की त्याचा फोन होडीतच होता आणि सगळे म्हणतायत तो बुडाला! मी सांगितलं असतं तर विचारलं असतं ना, मग तो कुठेय? काय सांगणार होतो मी?"

सुचेताने त्याची कॉलर धरली. "दीड दिवस ते तळं ढवळतायत! तुला माहीत होतं तो तिथे नाहीये!"

"आई शप्पथ, वहिनी, तो कुठेय ते मला खरंच माहीत नाही."

तिने कॉलर सोडली. विद्याधर तळ्यावर गेलेच नव्हते. मग शनिवारी साडेपाचला, इथे, या बिल्डिंगमध्ये, ते मेले होते?

आतून नळ वाजला. एकच ठोका आला.

५

पवनकुमारच्या खोलीत काही माग लागला असता आणि तिची किल्ली सेक्रेटरीकडे असणार, म्हणून मी मुकुंदरावांना फोन लावला. भाग्यलक्ष्मीने उचलला.

"मुकुंदराव आहेत का?"

"अवरु मेले इद्दारे, अक्का," ती म्हणाली.

मी चक्क किंचाळले. "मेले? आत्ता तर बोलत होते!"

"हो अक्का, मेले. लिंबू बदलायला गेलेत."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साठ वर्षं मी या गावात काढली. दिवसातून वीस वेळा हा शब्द माझ्या कानावर पडतो. ताडपत्री मेले ठेव, कप्पा मेले आहे, पंख्याच्या मेले जाळं झालंय. कन्नडात मेले म्हणजे वर! देवनागरीत लिहिलेलं, सुचेताने मराठीत रडत वाचलेलं, म्हणून मीही मराठीतच ऐकलं. मुकुंदरावांनीही. दोन्ही भाषा येणारी आम्ही दोघं गाढवं, आणि पवनकुमार बिचारा एवढंच सांगून गेला होता की विद्याधर सर वर आहेत.

"सुचेता, 'दूधवाला बंद' म्हणजे दूधवाला आला! बंद म्हणजे आला. आणि मेले म्हणजे वर! अगं, तो वर आहे!"

मी तिचा हात ओढला. ध्रुव आमच्याआधी जिन्यावर होता.

गच्चीच्या दारात मुकुंदराव हातात लिंबू घेऊन उभे होते. आम्हाला तिघांना धावत येताना बघून त्यांनी देवाचं नाव घेतलं.

"चावी द्या! ठोके टाकीच्या पाइपातून येतायत. टाकीखाली खोली आहे ना तुमची? पाइप आणि व्हॉल्व्हची?"

"आहे, पण तिला कुलूप आहे. शनिवारी कडी उघडी दिसली, मी लावून टाकली."

"आत बघितलंत?"

"आत अंधार होता," ते म्हणाले आणि त्यांच्या हातातलं लिंबू जिन्यावरून गडगडत गेलं.

लोखंडी दार होतं, जाड. शेजारचं ड्रिल पुन्हा सुरू झालं होतं, त्यात आमचा आम्हालाच आवाज ऐकू येईना. मुकुंदरावांच्या हातून चावी लागेना, मग ध्रुवने ती हिसकावून लावली. दार उघडलं आणि आतून ओली, कोंदट हवा तोंडावर आली.

आडवी पडलेली शिडी दिसली. छताला एक नवा हूक, अर्धा ठोकलेला. दुसरा हूक एका हाताच्या मुठीत होता आणि तो हात खाली उतरणाऱ्या पाइपाला टेकलेला होता. हात हलत नव्हता.

सुचेता "विद्या" एवढंच म्हणाली.

मुठीतला हूक पाइपावर पडला. ठक.

६

डावा पाय मोडला होता, डोक्याला खोक पडली होती. टाकीच्या गळक्या व्हॉल्व्हचं पाणी ओंजळीने पिऊन माणूस चाळीस तासांच्या वर तगला होता. ओरडून ओरडून घसा गेलेला. दिवसा ड्रिल आणि रात्री आमची भुतं, त्याच्या ठोक्यांकडे लक्ष देणार कोण?

अँब्युलन्स येईपर्यंत विद्याधर तुटक तुटक सांगत राहिले. सेक्रेटरीशी भांडण झाल्यावर होडी इथे छताला टांगायची त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशीची तयारी म्हणून फोन होडीच्या डबीत टाकलेला, तो तिथेच राहिला. पवनकुमारने त्यांना गुपचूप किल्ली दिली आणि म्हणाला, मी सहाला जाईन, पण लिहून ठेवतो, म्हणजे कुणी कुलूप घालणार नाही. शिडी सरकली तेव्हा ते बेशुद्ध झाले. शुद्ध आली तेव्हा दार लागलेलं होतं.

"मला वाटलं, कुणी रजिस्टर वाचतच नाही," ते म्हणाले.

"वाचलं रे," सुचेता त्यांचा हात गालाला लावून म्हणाली. "सगळ्यांनी वाचलं."

मुकुंदराव कोपऱ्यात उभे राहून रडत होते. चाव्यांचा जुडगा त्यांनी काढून माझ्या हातात दिला, मला कशाला दिला कोण जाणे. ध्रुव पोलिसांना फोन करून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगत होता. दोन वेळा त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. तळ्यातल्या पाणबुड्यांना बाहेर काढा म्हणाला.

स्ट्रेचर खाली नेताना गेटपाशी सुचेताचा फोन वाजला. पवनकुमार होता. तिने त्याला काल चाळीस वेळा फोन केला होता, जत्रेत त्याची बॅटरी संपलेली. तो भरभर काहीतरी बोलला. तिला कळेना, तिने फोन माझ्या कानाला लावला.

"अक्का, मिस्ड कॉल बघून भीती वाटली मला. सर केळगे बंद्रा?"

सर खाली आले का? एवढंच त्याला हवं होतं.

"बंद्रु, अण्णा," मी म्हटलं. "आत्ताच बंद्रु."

सुचेताने मला विचारलं, तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात. मी सांगितलं. अँब्युलन्सवाला घाई करत होता, तरी ती धावत वॉचमनच्या टेबलाशी गेली, रजिस्टर उघडलं आणि शनिवारच्या ओळीखाली लिहू लागली. शब्द मला विचारत, एकेक अक्षर जपून.

सोमवार, साडेबारा. ४०३ विद्याधर सर केळगे बंद्रु.

मग पेन तिथेच टाकून ती अँब्युलन्समध्ये चढली. तेव्हा मी पाहिलं, पायात अजून त्याच दोन वेगळ्या चपला होत्या.